तालमीच्या माडीवरचं वाचनालय : कामाच्या नोंदी

रविवार, 13 एप्रिल 2025

गुरुजींची पुस्तकं आज आली. टेम्पोतून, रताळ्याच्या पोत्यांत भरून. खोकी मिळाली नाहीत. बेळगावच्या आमच्या पश्चिम भागात रताळ्याची पोती मात्र कुणाच्याही परड्यात सापडतात. पोती झटकून घेतली होती असं पोरं सांगतात, पण पहिलं पोतं ओतलं तेव्हा निम्मी माती आणि निम्मं गणित बाहेर आलं.

गुरुजी मराठी शाळेत शिकवायचे आणि पगारातला एक भाग पुस्तकांवर घालायचे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, हिवाळ्यात इथं कुठल्या ना कुठल्या गावात मराठी साहित्य संमेलन असतंच. भाषणं संपली की लोक भज्यांकडे वळायचे, गुरुजी स्टॉलकडे. आता घरच्यांनी सगळा संग्रह गावाला दिलाय. अट एकच, की एकही पुस्तक रद्दीत जाऊ नये. ही अट कुठल्याच वाचनालयाला पाळता येत नाही, पण देणाऱ्यासमोर तसं कोण बोलणार.

जागा ठरली ती तालमीच्या माडीवरची. खाली पैलवान पोरांची लाल माती, वर आजवर भजनी मंडळाचे टाळ-मृदंग असायचे. पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते, तेव्हा तिला रॅक लावायचं नाही. संध्याकाळपर्यंत तीन ढीग झाले: अभ्यासाची, चरित्रं, मुलांची. कथा-कादंबऱ्या तुलनेनं थोड्याच निघाल्या.

रविवार, 27 एप्रिल

दाखल रजिस्टर सुरू केलं. सोसायटीत खातेवह्या मीच लिहिते, त्यामुळे रकाने आखायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, कुठून आलं, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला आणि तोच आधी भरतोय. 'मुखपृष्ठ नाही.' 'पान 33 ते 40 गळाली.' 'आत वीजबिलाची जुनी पावती.'

शिक्का तीन ठिकाणी मारायचा: नावाच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर. हे आतलं पान सगळ्या पुस्तकांत एकच असतं आणि ते बाहेर सांगायचं नसतं. पहिलं-शेवटचं पान फाडून कुणी पुस्तक आपलं केलं, तरी आतलं पान खरं सांगतं. आमचं कुठलं, ते इथं लिहीत नाही.

लेखकाचं आडनाव आधी, असा नियम. कुलकर्णी, जी. ए. इथवर ठीक. साने गुरुजींना मात्र 'साने, पांडुरंग सदाशिव' म्हणून नोंदवलं तर गावात ते कुणालाच सापडायचे नाहीत. त्यांची नोंद 'साने गुरुजी' अशीच केली.

रविवार, 4 मे

दिवसभर डागडुजी. सगळ्यांत जास्त वेळ चांदोबाने खाल्ला. गुरुजींनी वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते, मराठी आणि कन्नड एकत्र. कन्नड चांदोबा 1949 ला सुरू झाला, मराठी 1952 ला. चित्रं दोन्हीकडे तीच, अक्षरं तेवढी वेगळी, त्यामुळे गोष्ट न वाचताही जोड्या लावता येतात. पोरांनी तोच खेळ मांडला आणि कामाला हात लावणारे दोघेच उरले.

अंकांच्या पिना गंजून कागदात मुरल्यात. तशीच ओढली की पिनेबरोबर कागदही येतो. अंक मधोमध उघडायचा, पिनेचे आत वळलेले पाय पातळ सुरीच्या टोकानं आधी उभे करायचे, मग अंक पालथा घालून पाठीकडून पक्कडीनं सरळ वर उचलायची. तपकिरी डाग राहतो, तो राहू द्यावा. खरवडायला गेलं की तिथं भोक पडलंच. मग पिनेच्याच भोकांपैकी वरचं एक, खालचं एक आणि मधोमध दाभणानं पाडलेलं नवं, अशा तीन भोकांतून मेण लावलेला सुती दोरा. मधून आत जायचं, दोन्ही टोकं गाठून परत मध्येच यायचं आणि उभ्या दोऱ्याला आत घेऊन गाठ मारायची. एकदा हात बसला की अंकाला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो.

चिकटवायला मैद्याची खळ. मंद आचेवर, सतत ढवळत, चमच्यावरून सलग ओघळेल इतकी पातळ. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे आणि आमच्याकडच्या बांधणीवाल्या काकांचा तोच आग्रह होता. मी मुलांच्या पुस्तकांना घालू दिला नाही. मोरचूद विषारी, आणि पहिली-दुसरीतली पोरं पान उलटायला बोट जिभेला लावतात. काका म्हणाले, 'मग कसर खाईल.' खाऊ दे, कसरीला डॉक्टरकडं न्यावं लागत नाही.

सेलोटेपला बंदी घातली. जुन्या पुस्तकांवरची टेप गळून पडली आहे, चिकटा मात्र पिवळा होऊन अक्षरांवर बसलाय.

रविवार, 11 मे

शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथपालबाई आल्या. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं, तेव्हा या भागाला वाचनालय काही नवं नाही. पण गावातल्या माडीवर वर्गीकरण कसं करायचं हे कुणीतरी बसून सांगायला हवं होतं.

त्यांनी पुस्तकांना विषयानुसार आकडे द्यायची ड्यूईची दशांश पद्धत फळ्यावर लिहिली. 500 विज्ञान, 510 गणित, 520 खगोल, 954 भारताचा इतिहास. मराठी साहित्य 891.46, कन्नड साहित्य 894.814. एक भाषा भारत-युरोपीय कुळातली, दुसरी द्राविडी, म्हणून एवढं अंतर. मध्ये अरबी आणि हिब्रू येऊन बसतात. आमच्या गल्लीत सकाळी नळावर मराठीत सुरू झालेलं भांडण कन्नडमध्ये मिटतं, आणि कपाटात त्याच दोन भाषांमध्ये अख्खा पश्चिम आशिया! बाईंना हसू आलं. म्हणाल्या, 'आकडे नियमाप्रमाणे लिहा, कपाटं शेजारी ठेवा.' तसं केलं.

चरित्रांचा पेच याहून मोठा. ड्यूईच्या नेहमीच्या रीतीनं चरित्र त्या माणसाच्या विषयाजवळ जातं: खगोलशास्त्रज्ञाचं 520 च्या घरात, मागे 092 जोडून. गायकाचं संगीतात, डॉक्टरचं वैद्यकात. चरित्रं सगळी एका ठिकाणी ठेवायचीही मुभा आहे आणि लहान वाचनालयं बहुधा तेच करतात. बाईंनी रंगनाथनांची आठवण काढली. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी 1931 साली मांडले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. आमचा वाचक विषय घेऊन येत नाही, माणूस घेऊन येतो. चरित्रं वेगळी ठेवायची ठरलं. कुठं ठेवायची, ते मात्र बाकी.

बुधवार, 21 मे

काल जयंत नारळीकर पुण्यात गेले. रात्री सोसायटीतून सुटल्यावर माडीवर जाऊन त्यांची सगळी पुस्तकं एका टेबलावर काढली. गुरुजींनी बरीच जमवलेली.

आमचे तिन्ही ढीग या एका माणसात भेटतात. 'आकाशाशी जडले नाते' अभ्यासाच्या कपाटात जाईल. 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं, आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. 'यक्षांची देणगी' विज्ञानकथांचं, आठवी-नववीची पोरं हिसकावून नेतात. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस मराठीत मुलांसाठी लिहितो आणि ते उपकार केल्यासारखं लिहीत नाही. हे दुर्मीळ आहे. आपल्याकडचे बहुतेक विद्वान मुलांसाठी लिहायला बसले की आवाज बदलतात.

त्यांच्या पहिल्या कथेची हकिकत पोरांना सांगितली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बनवलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहून काढली पत्नीनं, मंगला नारळीकरांनी. पहिला नंबर आला. मंगलाताई स्वतः गणिती. 'गणिताच्या सोप्या वाटा' हे त्यांचं पुस्तक आमच्या 510 मध्ये आहे. सातवीतल्या एकानं विचारलं, 'म्हणजे पेपरावर नाव न घालता पहिला आला?' हो रे, तसंच.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, हे सांगितल्यावर जमलेल्यांत जरा चुळबुळ झाली. कोल्हापूर म्हणजे आपल्या पाहुण्यांचं गाव. पोरं एवढ्यानं पुस्तकाकडे वळतात, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यांची पुस्तकं तूर्त एकत्रच ठेवली. नियम गेला चुलीत, निदान या महिन्यापुरता.

त्याच रात्री लंडनहून दुसरी बातमी: बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. सकाळी दुधाच्या डेअरीवर एकानं विचारलं, 'आपल्याकडं हाय काय ते? मराठीत?' आपल्याकडं नाही. हायस्कूलचे कन्नड सर मूळ कथा आणून देतो म्हणालेत. कन्नडमधून मराठीत आणणाऱ्यांत उमा कुलकर्णींचं नाव मोठं, आणि त्यांचा जन्म बेळगावचाच. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'चा त्यांनी केलेला अनुवाद आमच्याकडे दोन प्रतींत आहे, दोन्ही वाचून खिळखिळ्या.

बुधवार, 28 मे

यंदा पावसानं जूनचीही वाट पाहिली नाही. पश्चिमेची भिंत ओली. सगळी रॅकं भिंतींपासून वीतभर पुढे ओढली, खाली विटा आणि फळी. वेखंडाच्या पुड्या कपाटांत. डांबरगोळ्या नकोत, लहान पोरं त्या गोळ्यांना पेपरमिंट समजतात.

रविवार, 8 जून

अभ्यासाच्या ढिगाचा निकाल लावला. सगळ्यांत अवघड काम हेच होतं.

जुनी गाईडं आणि प्रश्नसंच आधी बाजूला केले. अभ्यासक्रम बदलला की त्यांत जीव राहत नाही. मग महाराष्ट्राची जुनी पाठ्यपुस्तकं. इथं थोडं थांबावं लागलं. आमची मुलं मराठी माध्यमात शिकतात, पण अभ्यासक्रम कर्नाटकचा आणि दहावीची परीक्षाही कर्नाटकचीच. त्यामुळे बालभारतीचं पुस्तक परीक्षेला थेट उपयोगी नाही. तरी भाषेची पुस्तकं आणि 'किशोर'चे अंक ठेवले, वाचायला म्हणून. इतिहास-भूगोलाची काढून टाकली. कपाटात असती तर कुणीतरी परीक्षेच्या आदल्या रात्री तीच वाचत बसला असता.

खरी अडचण दहावीनंतरची. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत. दहा वर्षं 'प्रकाशाचं अपवर्तन' शिकलेलं पोर जूनमध्ये वर्गात बसतं आणि 'रिफ्रॅक्शन' ऐकून गप्प होतं. त्याला विषय येत असतो, फक्त नाव बदललेलं असतं. गुरुजींच्या संग्रहात मराठी-इंग्रजी परिभाषा कोश निघाले, भौतिकशास्त्राचा, गणिताचा. आजवर कुणी हात न लावलेले, कारण ते प्राध्यापकांसाठी आहेत असा सगळ्यांचा समज. ते पीयूसीच्या पोरांच्या टेबलावर, अगदी हाताशी ठेवले. घरी न्यायचे नाहीत.

मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, संच अपुरा. वीस खंडांचा तो डोंगर, पहिला 1976 चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. आता सगळा विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, मग हे जड खंड कशाला, असं वाचनालय मंडळातल्या दोघांचं म्हणणं. मी ठेवा म्हटलं. वादात असतानाच खालून वस्ताद आले, अंगाला माती तशीच, आणि 'कुस्तीचं काय लिवलंय बघू' म्हणून क चा खंड मागितला. हात धुवून यायला लावलं. मग खिडकीशी उभं राहून त्यांनी कुस्तीची नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणी मान हलवली आणि एका ठिकाणी 'हे तेवढं बरोबर न्हाई' म्हणाले. खंड राहिले.

अध्यापनशास्त्राची पुस्तकं बरीच आहेत. शाळेतल्या शिक्षकांनी न्यावीत. नेतील असं वाटत नाही.

रविवार, 15 जून

फलक लावला. कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली. साठ टक्के कन्नडचा नियम आता रंगाऱ्यालाही पाठ आहे, टेप घेऊनच येतो. मंडळात यावर दीड तास चर्चा झाली, तिच्यातून निघालं काही नाही. उद्घाटन केलंच नाही. दार उघडलं, पोरं आली.

रविवार, 29 जून

या महिन्यात सगळ्यांत कामाची गोष्ट झाली ती चिठ्ठ्यांची.

विवेकानंदांचं एक मध्यम जाडीचं चरित्र आठवीतला मुलगा इथंच बसून वाचत होता. एकदम ओरडला, 'अक्का, हितं आपल्या बेळगावचं नाव हाय!' आहेच. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामीजी कोल्हापूरहून बेळगावला आले, रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्याकडे उतरले, मग वनखात्यातले हरिपद मित्र यांच्याकडे. भाट्यांचं घर आजही आहे, स्मारक म्हणून जपलेलं. मुलाचं आजोळ तिथून चार घरं पलीकडे. त्याला वाटत होतं विवेकानंद म्हणजे कलकत्ता आणि शिकागो.

मग ठरवलं, चरित्रांत आपला भाग जिथं येतो तिथं कागदाची पट्टी घालायची, पट्टीवर गाव आणि साल. पुस्तकांवर पेन चालवायचा नाही. मोठ्या मुलांनी वाटून घेतलं.

टिळकांच्या चरित्रात बेळगाव, एप्रिल 1916: होमरूल लीगची स्थापना इथं झाली. गांधीजींच्या चरित्रात डिसेंबर 1924: ते अध्यक्ष झालेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन, टिळकवाडीच्या मैदानावर. काँग्रेस विहीर सगळ्यांनी पाहिलेली असते, ती कशासाठी खणली हे सगळ्यांना ठाऊक नसतं. एवढी माणसं येणार तर पाणी लागणार, म्हणून. बाबासाहेबांच्या चरित्रात निपाणी, एप्रिल 1925, बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद. यंदा त्याला शंभर वर्षं झाली. चांगदेव खैरमोड्यांचं बाबासाहेबांचं चरित्र बारा खंडांचं, आमच्याकडे त्यातले मोजकेच आहेत, पुढचे मिळवायला हवेत. कुमार गंधर्वांवरच्या पुस्तकात सुळेभावी, 8 एप्रिल 1924: त्यांचा जन्म. घरची भाषा कन्नड, गाणं मराठी नाट्यपदांपासून माळव्याच्या लोकधुनांपर्यंत. सुळेभावीचा एक जण आमच्याकडे पाहुणा आलेला, तो पट्टीचा फोटो काढून घेऊन गेला.

हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांचं आत्मचरित्र निघालं. कर्नाटक सिंह म्हणून ओळखला जाणारा माणूस, 1924 च्या अधिवेशनामागचे कष्ट त्यांचे, आणि 'माझी जीवनकथा' लिहिली मराठीत. आजच्या भांडणांना त्या पुस्तकात कुठंच जागा सापडत नाही. यावर मंडळात बोलायचं टाळलं, पुस्तक मात्र दर्शनी ठेवलं.

इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णावर मराठीत काय आहे, असं विचारणारे पुष्कळ. नंदगड आमच्याच खानापूर तालुक्यात, 1831 साली तिथं त्याला फाशी दिलं, त्याच्या समाधीजवळून आम्ही कितीदा जातो. आमच्या संग्रहात मुलांना वाचता येईल असं मराठी पुस्तक नाही. कन्नडमधलं सोपं एक घेतलं. मराठी शाळेतली पोरंही कन्नड वाचतातच, आणि माणूस ओळखीचा असला की वेगानं वाचतात.

रविवार, 6 जुलै

आषाढी. वाचनालय बंद. भजनी मंडळाला माडी एक दिवस परत दिली, पुस्तकांवर चादरी घातल्या.

रविवार, 20 जुलै

मुलांच्या कपाटावर तीन रंगांच्या फिती लावल्या: नुकतं वाचू लागलेल्यांसाठी पिवळी, तिसरी-चौथीसाठी हिरवी, पुढच्यांसाठी लाल. पहिल्याच दिवशी हिरव्यातल्या एकीनं लाल घेतलं. घेऊ दे.

पिवळ्यात नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची पातळ चित्रपुस्तकं. एकाच गोष्टीची मराठी आणि कन्नड प्रत मिळेल तिथं दोन्ही घेतल्या आणि पाठीला पाठ लावून ठेवल्या. गल्लीतल्या कन्नड घरांतली पोरंही येऊ लागली. दोघी मैत्रिणी दोन प्रती घेऊन बसतात, एकीनं वाचायचं, दुसरीनं पान तपासायचं. विंदा करंदीकरांच्या बालकविता याच खणात, पण त्या वाचून दाखवाव्या लागतात. 'एटू लोकांचा देश' मोठ्यानं वाचल्याशिवाय खुलत नाही.

लालमध्ये फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा अजून पळतोय. गुरुजींच्या प्रतींची पानं इतकी मऊ झालीत की दुमडली तरी वाजत नाहीत.

दोन पुस्तकांपाशी वाद झाला. 'बखर बिम्मची' कुठं? जी. ए. कुलकर्णी म्हटलं की लोक मोठ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवतात. गंभीर, काळोख्या कथांचे लेखक. जन्म एकसंब्याचा, आपल्याच जिल्ह्यातला. पण हे पुस्तक लहान पोराचं आहे, मुलांसाठीच आहे, ते हिरव्यात गेलं. दुसरं, प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन लहान मुलगा, म्हणून कुणीतरी ते मुलांत ठेवलेलं. मी काढून मोठ्यांत नेलं. लंपनचं बालपण मोठ्या झालेल्यांनाच नीट कळतं. पुण्यातल्या वाचकांना त्याच्या बोलण्यातले कन्नड हेलकावे गोड वाटतात म्हणे. आमच्याकडं तसंच बोलतात, त्यात काय गोड.

रविवार, 3 ऑगस्ट

चरित्रांची जागा आज ठरली. भांडण झालं, पण ठरली.

आधी कोवाडचा प्रश्न. रणजित देसाईंचं कोवाड चंदगड तालुक्यात, इथून जवळच, त्यामुळे 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' इथं घरचीच पुस्तकं. गावात सगळे 'स्वामी'ला माधवराव पेशव्यांचं चरित्र म्हणतात. ती कादंबरी आहे. कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरायची, संवाद रचायची मुभा असते. चरित्रकाराला नसते, निदान नसावी. दहावीचा मुलगा निबंधात कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून उतरवतो तेव्हा दोष त्याचा नसतो, कपाट लावणाऱ्याचा असतो. दोन्ही पुस्तकं कादंबऱ्यांत गेली. मंडळातल्या एका काकांना हे अजून पटलेलं नाही. 'माधवराव खोटा काय गा?' म्हणून ते चहा न घेता गेले.

'श्यामची आई' याच धर्तीचं. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आठवणी स्वतःच्या, नाव श्याम. मुलांचं की आत्मचरित्र? आमच्या गुरुजींच्या संग्रहात पाच प्रती होत्या, म्हणून हा प्रश्न सोडवायची गरज पडली नाही. तीन इकडे, दोन तिकडे.

आता जागा. आतापर्यंत दारातून आत येताच मुलांचं कपाट, समोर अभ्यासाचं, आणि चरित्रं आतल्या कोपऱ्यात, म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांपाशी. देवघेवीच्या रजिस्टरवरून असं दिसतं की लाल फितीची पुस्तकं संपवलेली पोरं एकदम थांबतात. फास्टर फेणे संपला की पुढं काय घ्यायचं ते कळत नाही, आणि अभ्यासाच्या कपाटाची त्यांना शाळेमुळं आधीच शिसारी. जी पुढं गेली ती सगळी चरित्रावरून गेली. नववीतल्या एका मुलीनं डॉ. आनंदीबाई जोशींचं छोटं चरित्र नेलं. अमेरिकेत 1886 साली डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेली, हे वाचून ती रागानंच परत आली. कशानं गेली, क्षय म्हणजे काय, औषध का नव्हतं. उत्तरं चरित्रात पुरेशी नव्हती. तिला 610 च्या खणातलं आरोग्यावरचं पुस्तक दिलं. परिभाषा कोशही तिनंच मागितला.

ही एक मुलगी झाली, पण नारळीकरांचं आत्मचरित्र वाचून 520 कडे गेलेलेही दोन आहेत. तेव्हा चरित्रं मधोमध आणली, मुलांच्या आणि अभ्यासाच्या कपाटांच्या मध्ये. पातळ चरित्रं खालच्या खणांत मुलांच्या बाजूला, जाड खंड वरती अभ्यासाच्या बाजूला. पट्ट्या बाहेर डोकावतील अशा. म्हाताऱ्यांच्या खुर्च्याही मागोमाग मध्ये आल्या, कारण चरित्रं तेच सगळ्यांत जास्त वाचतात. आता मुलांना त्यांच्या पायांवरून उड्या मारून जावं लागतं. कुरकुर दोन्हीकडून.

रविवार, 17 ऑगस्ट

रजिस्टर तपासलं. चरित्रांची देवघेव वाढलीय. 'क्षय' शब्दापाशी विश्वकोशाचा खंड उघडा सापडला. अध्यापनशास्त्र अपेक्षेप्रमाणे जागेवरच.

रद्दीचा विषय शेवटी काढावा लागला. गाईडं आणि भूगोलाची जुनी पुस्तकं गुरुजींच्या घरी परत नेऊन दिली आणि कारण सांगितलं. वहिनींनी दोन्ही गठ्ठे ठेवून घेतले. म्हणाल्या, 'चूल पेटवायला घेणार न्हाई, पण रद्दीत पण देणार न्हाई.' म्हणजे आता ती त्यांच्या माळ्यावर राहतील.

पुढच्या खरेदीची यादी: खैरमोड्यांचे राहिलेले खंड. मराठीत रायण्णा, सोप्या भाषेत, मिळालाच तर. 'वंशवृक्ष'ची नवी प्रत. जीवशास्त्राचा परिभाषा कोश. मुलांसाठी चरित्रं, पण पन्नास पानांच्या आतली आणि शेवटच्या पानावर बोध नसलेली. अशी फार थोडी निघतात. संमेलनं सुरू झाली की स्टॉलवर सूट मिळते, मोठे संच तेव्हाच घ्यायचे. वर्गणी महिन्याला दहा रुपये ठेवली आहे, पोरांना माफ. सुतारमामांना आणखी एक रॅक सांगितलं आहे, गणपतीनंतर देतो म्हणतात, कुठल्या गणपतीनंतर ते विचारून घ्यायचं आहे.